रोट खाल्लेले भाऊबंद

माझं माहेर प्रकाशा गावाच्या अलीकडे, तापीच्या काठावर. लग्न होऊन तळोद्याला गेले त्याला बरीच वर्षं झाली, पण माहेराबद्दलचा एक राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. नारळाची देवी. रविवारी येते, सोमवारी सकाळी वाजतगाजत तापीत जाते. तिच्यासाठी गव्हाचे जाड रोट करतात आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे असतात. भाऊबंद म्हणजे एका कुळातले पुरुष, त्यांच्या बायका, मुलगे आणि लग्न न झालेल्या मुली. मुलीचं लग्न झालं की ती परकी. मी रोट लाटलेले चालतात, मी भाजलेले चालतात, धुराने माझे डोळे गेले तरी चालतं. एक घास तोंडात टाकलेला चालत नाही. ठीक आहे, रीत आहे, मी गप्प बसायला शिकले होते. पण जो रोट मला, भटू पाटलांच्या सख्ख्या मुलीला, मिळत नाही, तो विलायती उंदरांनी खाल्ला आणि वर मान मिळवला, हे मी कुणाला सांगू?

हे सगळं घडलं माझ्या मोठीमायमुळे. मीनाबाई तिचं नाव. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ जगदीशबाबा, त्यांची ती बायको. मूलबाळ नाही. जगदीशबाबा हार्ट अटॅकने गेले तेव्हापासून ती एकटी. तिचं घर आमच्या घराला लागून, मधली भिंत एक. दिवसभर पापड-कुरडया करायची, गावात विकायची, आणि संध्याकाळी दारात बसून रस्त्याकडे बघायची. कुणी येणार असल्यासारखी बघायची, याचं मला वाईट वाटायचं.

अजून एक रीत सांगते, मग पुढे जाते. कानबाई बसायच्या आधी आमच्या ओसरीवर गव्हाची मोठी परात ठेवतात. कुळातल्या प्रत्येक घरातला प्रत्येक पुरुष येऊन स्वतःच्या मुठीने गहू काढतो, शेजारच्या टोपलीत टाकतो, आणि माझे वडील मोठ्याने पुकारतात, अमक्याच्या घरची मूठ. त्या टोपलीतल्या गव्हाचेच रोट होतात. तान्ह्या मुलाचीसुद्धा मूठ धरून गव्हात बुडवतात. मूठ मात्र गड्याचीच. जगदीशबाबा गेले आणि त्यांच्या घराचं नाव पुकारणं बंद झालं. घरात गडी नाही तर मूठ कुणाची काढणार? मोठीमायला रोट मिळायचा, पण तो आमच्या मुठीतला. ती परातीपासून लांब, खांबाला टेकून उभी राहायची, सगळी नावं ऐकून घ्यायची आणि मग गहू निवडायला बसायची. सगळ्यात बारीक खडे तिलाच सापडायचे.

आता उंदरांकडे येते. ते आणले माझ्या भावाने, भाग्येशने. भाग्येश हा आमच्या घराण्यातला उद्योगपती. मोबाइलवर व्हिडिओ बघून तो धंदे काढतो. आधी काळ्या कोंबड्या आणल्या, त्या मुंगसांनी खाल्ल्या. मग रंगीत मासे आणले, त्यांच्या टाकीत आईने चुकून पापडखाराचं पाणी ओतलं. मग सुरतहून त्याने गिनीपिग आणले. सशाहून लहान, उंदराहून मोठे, शेपूट नाही, आणि बघणाऱ्याला वाटावं की कुणीतरी घाईघाईत जनावर बनवून मधेच जेवायला उठून गेलं. भाग्येशचं म्हणणं होतं की शहरातले लोक हे हौसेने पाळतात आणि वर्षभरात आपण गाडी घेऊ. महिन्याभरात त्याचं लक्ष ड्रोनकडे गेलं आणि जनावरं खळ्यातल्या एका मोडक्या कूलरच्या सांगाड्यात राहिली. पाणी कुणी घालायचं, हे घरात ज्याला त्याला दुसऱ्याचं काम वाटत होतं.

मोठीमाय खळ्यात गोवऱ्या आणायला गेली आणि तिला शिट्टी ऐकू आली. कूलरमध्ये वाकून बघते तर केस चिकटलेले, नखं वाढून वळलेली, एकाला उभं राहता येत नव्हतं. तिने गोवऱ्या तिथेच टाकल्या आणि टोपलीत जनावरं भरून डोक्यावर घेऊन घरी आली. रस्त्यात लोकांनी विचारलं काय आणलं, तर म्हणाली, पाहुणे.

पुढचे काही दिवस ती पापड विसरली. वायरच्या पिशवीत त्यांना घालून एसटीने शहाद्याला गेली. जनावरांच्या डॉक्टरांनी बैल, म्हैस, फार तर एखादा कुत्रा पाहिलेला. त्यांनी एक गिनीपिग हातात घेऊन बराच वेळ फक्त कौतुक केलं, मग नाशिकच्या एका मित्राला फोन लावला. कळलं ते असं की या जनावरांना हिरवा चारा आणि आंबट काहीतरी रोज लागतं, नाहीतर हिरड्या सुजतात आणि पाय लुळे पडतात. झालं. मोठीमायने आवळे आणले, पेरू आणले, कुणाच्याही बांधावरचा लसूणघास बिनदिक्कत कापून आणला. नखं तिने जगदीशबाबांच्या नेलकटरने कापली. जो उभा राहत नव्हता तो पंधरवड्याने उभा राहिला आणि तिच्या पायाच्या अंगठ्याला चावला. तिला इतका आनंद झाला की तिने शेजारी साखर वाटली.

हे कळायला जिल्ह्याला वेळ लागला नाही. नंदुरबारच्या एका बंगल्यातल्या मुलांचा हौसेचा गिनीपिग परीक्षेच्या काळात नकोसा झाला, तो तिच्याकडे आला. धडगावच्या एका साहेबांची बदली झाली, सामानाच्या ट्रकमध्ये जागा नव्हती म्हणून ते आपला गिनीपिग क्वार्टरमध्येच सोडून गेले. तो जीप चालवणाऱ्या रामसिंगने आंब्याच्या पेटीत घालून, घाटातून वीस माणसांच्या मांड्यांवर फिरवत खाली आणला. मोठीमायने त्यांना नावं दिली, म्हणजे गावं दिली. सुरतहून आलेला थोरला तो सुरत्या, धडगावचा तो धडगाव्या, आणि नंदुरबारची म्हातारी नंदुरबारवाली. बाकी सगळ्या पोरी. प्लास्टिकची पिशवी वाजली की सगळे एका सुरात शिट्ट्या मारायचे. मोठीमायचं दार आता संध्याकाळी रिकामं नसायचं. ती रस्त्याकडे पाठ करून बसायला लागली.

पोरी तिने चांगल्या घरी दिल्या. दिल्या म्हणजे अक्षरशः दिल्या. न्यायला कुणी आलं की ती आधी त्यांचं घर बघून यायची, मांजर आहे का, कूलर आहे का, घरात कुणी तापट आहे का, सगळं विचारायची. एकटी मुलगी कधी दिली नाही, जोडीने द्यायची, करमायला हवं म्हणून. जाताना पेटीत खण आणि नारळ ठेवायची. एका हेडमास्तरांना तिने नाही म्हणून परत पाठवलं, कारण ते मुलांना मारतात असं तिने ऐकलं होतं.

माझ्या वडिलांना हे सहन होईना. त्यांचंही खरं होतं. भाग्येशसाठी शहाद्याची एक मुलगी बघितली होती, काजल नाव, चांगलं घर, आणि मुलीकडचे लोक कधीही येऊन टपकतील अशी स्थिती. भिंतीला लागून सख्ख्या वहिनीच्या घरात उंदरं शिट्ट्या वाजवतात, हे त्यांना कसं समजावणार? ही उंदरं आपल्याच मुलाने आणली, हे ते सोयीस्कर विसरले होते. कानबाईच्या आठवड्यात ते मोठीमायच्या दारात उभे राहिले. आत गेले नाहीत. जगदीशबाबा गेल्यापासून ते त्या उंबऱ्याच्या आत कधी गेलेच नव्हते.

"वहिनी, कानबाई बसाना पहिले या उंदरं घरमाईन काढा," ते म्हणाले. "नहीते मीच काढसू."

मोठीमाय कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काढा ना. पन मंग माले बी त्यास्ना संगे काढा."

वडिलांनी वाद घातला नाही. त्यांनी बेत केला. सोमवारी सकाळी विसर्जनाला सगळं कुळ नदीवर जातं, मोठीमायही जाते. तेवढ्या वेळात भाग्येशने जनावरं टोपलीत भरायची, रामसिंगच्या जीपमध्ये द्यायची, आणि रामसिंगने ती तोरणमाळच्या जंगलात सोडून यायची. जंगलात त्यांचं काय होईल हे वडिलांना नीट ठाऊक होतं. हा बेत मला नंतर कळला आणि मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. कूलरमधून वाचलेले जीव, पुन्हा तेच.

पण काम भाग्येशकडे दिलं होतं, हे आपण लक्षात घ्यायला हवं. त्याने टोपली भरली, वर फडकं टाकलं, बांधलं नाही. रामसिंगची जीप घाटात अडकली होती. पाऊस भुरभुरायला लागला म्हणून त्याने टोपली घरात आणली. मोठीमाय अचानक परतली तर दिसू नये म्हणून देवाच्या खोलीत ठेवली, कारण आमच्या घरात चांगली कडी फक्त त्याच खोलीला आहे. कडी घातली आणि उद्योगपती बँडपुढे नाचायला निघून गेले. त्या खोलीत देवीचा रिकामा चौरंग होता, आणि चौरंगाशेजारी केळीच्या पानावर कुळाचे रोट रचून ठेवलेले होते, विसर्जनाहून आल्यावर वाटायला.

नदीवरून आल्यावर कडी मी काढली. पहिल्यांदा मला वाटलं चौरंगापाशी कुणी लोकरीच्या टोप्या ठेवल्यात. मग एका टोपीने माझ्याकडे बघितलं. सुरत्या रोटांच्या चळतीवर बसला होता. धडगाव्याने सगळ्यात वरच्या रोटाची कड गोल गोल खाऊन तो बांगडीएवढा केला होता. नंदुरबारवाली आणि दोन पोरी बाकीचं बघत होत्या, शांतपणे, पंगतीला बसल्यासारख्या. केळीचं पान तर त्यांनी आधीच संपवलं होतं.

मागून सगळं कुळ दारात जमलं. मोठीमाय मला बाजूला सारून आत गेली, तिने एकेकाला उचललं, पोट चाचपलं. टोपली कुणी आणली, का आणली, हे तिला बघताक्षणी समजलं असणार. ती फक्त एवढंच म्हणाली की यांना गहू सोसत नाही, पोट फुगेल, कुणीतरी गवत आणा. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात भराभर काम करत होते. दारात उभ्या असलेल्या एकाही माणसाला तिच्याकडे बघवेना. वडील खाली मान घालून आपल्या पायांचे अंगठे बघत होते.

मग कुणीतरी विचारलं की आता या रोटांचं करायचं काय. सगळ्यांनी दगूबाईंकडे बघितलं. दगूबाई म्हणजे कुळातली सगळ्यात म्हातारी बाई, माझ्या वडिलांची चुलती. दात नाहीत, ऐकू कमी येतं, पण कानबाईच्या रीतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी चष्मा पुसला, धडगाव्याला नीट न्याहाळलं आणि जालमसिंगाचं प्रकरण काढलं.

जालमसिंग हा लाइनमन. फार वर्षांपूर्वी ऐन कानबाईच्या दिवशी आमच्या गल्लीतली वीज दुरुस्त करायला आला, भूक लागली म्हणून कुणी नसताना ताटातला रोट खाऊन बसला. तो राजपूत, आम्ही पाटील. पण रोट खाल्ला म्हटल्यावर कुळाने त्याला भाऊबंद धरलं. दरवर्षी बोलावणं, दरवर्षी मूठ. त्याची आई गेली तेव्हा आमच्या अख्ख्या कुळाने सुतक पाळलं. बिचाऱ्याने एकदा सोडवणूक मागितली होती, मिळाली नाही.

वडील म्हणाले की तो माणूस होता, ही जनावरं आहेत. दगूबाईंना तेवढं बरोबर ऐकू आलं.

"ज्यानी रोट खादा, तो भाऊबंद," त्या म्हणाल्या. "मायना चौरंगजोडे बसीसन खादा. मायले चालनं, ते तुले काब्र नही चालत, भटू?"

तेवढ्यात दारात रामसिंगची जीप वाजली. तो आत येऊन विचारायला लागला की तोरणमाळचं पार्सल कुठे आहे. शेवटी वडिलांनाच सांगावं लागलं की पार्सल रद्द झालं, घरातल्या माणसांना जंगलात सोडायची आपल्यात पद्धत नाही. रामसिंगने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि चहा न घेताच निघून गेला.

मी मात्र दगूबाईंना विचारलं की मग मी पण एक रोट चोरून खाल्ला असता तर? त्यांना ते ऐकू आलं नाही.

भाऊबंदकी म्हटली की हक्क आले आणि सुतकही आलं. कार्तिकात, भाग्येशच्या साखरपुड्याला दोन दिवस असताना, सुरत्या म्हातारपणाने गेला. मोठीमायने कुणाला काही मागितलं नाही. अंगणातल्या पेरूखाली खड्डा केला आणि त्याला जगदीशबाबांच्या जुन्या उपरण्यात गुंडाळून ठेवलं. पण बातमी दगूबाईंपर्यंत गेली आणि दगूबाईंनी निकाल दिला: अंगाने लहान भाऊबंद, म्हणून दहा नाही, तीन दिवस. तीन दिवसांत साखरपुडा मात्र होत नाही.

वडिलांनी शहाद्याला फोन केला. नेमकं काय सांगावं हे त्यांना सुचेना, तेव्हा ते म्हणाले की घरात मयत झाली आहे, थोरल्या भावाच्या घरी. आमच्याकडे मयत झाली की सोयरे दारावर बसायला येतातच. दुसऱ्या दिवशी सकाळी काजलचे वडील हेमकांत आणि त्यांचे चार भाऊबंद गाडी करून हजर. आता दारावर बसायचं तर मयताच्या घरी बसायला हवं. वडील मोठीमायच्या ओसरीवर गेले, डोक्यावर टॉवेल घेऊन सतरंजीवर बसले. समोर पाच सोयरे. आतून धडगाव्याची बारीक शिट्टी ऐकू येत होती आणि मोठीमाय पदर तोंडाला लावून दारात उभी होती. ती खरोखर रडत होती.

मग हेमकांतांनी हळूच विचारलं, "कितलं वय व्हतं?"

"पाच वरीस," वडील म्हणाले.

पाचही सोयऱ्यांनी डोळे पुसले. हेमकांत मोठीमायला म्हणाले की अशा वयात जावं हे वाईटच. मोठीमाय म्हणाली की नाही, त्याचं वय झालं होतं. यावर ते काय समजायचं ते समजले आणि आणखी हळहळले. मी स्वयंपाकघरात तोंडात ओढणी कोंबून बसले होते. हसू येत होतं म्हणून कोंबली, पण थोड्या वेळाने मलाच कळेना की नक्की काय आवरते आहे. जगदीशबाबांचे दिवस संपले त्यानंतर त्या ओसरीवर माणसं अशी बसलेली मी पहिल्यांदाच बघत होते. वडील तीनही दिवस तिथेच बसले, जेवले तिथेच. दुसऱ्या दिवशी ते पाणी प्यायला म्हणून उठले आणि उंबरा ओलांडून आत गेले. आत भिंतीवर भावाचा फोटो होता. बाहेर आले ते बऱ्याच उशिराने.

साखरपुडा नंतर झाला, लग्नही झालं. काजलला खरं कळलं तेव्हा ती इतकी हसली की मला ती पोर तेव्हाच आवडली. त्या दोन गिनीपिग पोरी मात्र पौषात नवापूरच्या एका मास्तरणीकडे जोडीने दिल्या, खण-नारळासकट. त्यांचा कुळाशी संबंध संपला. माझ्यासारख्याच, दिल्या घरी गेल्या.

मग पुन्हा श्रावण आला. मी माहेरी होते. ओसरीवर परात मांडली, टोपली ठेवली. भाऊबंद एकेक करून आले, मूठ काढत गेले, वडील पुकारत गेले. जालमसिंगही आला, गुपचूप मूठ टाकून गेला. मोठीमाय खांबाला टेकून उभी होती, नेहमीच्या जागी. नावं संपली. टोपली उचलायला आई वाकली, तेव्हा वडिलांनी हाताने तिला थांबवलं.

"वहिनी, तुमना घरमा गडी कितला शेतस?"

मोठीमायला क्षणभर प्रश्न कळला नाही. मग ती म्हणाली, "एकच ऱ्हायना."

"मंग त्याले लई या."

ती आत जाऊन धडगाव्याला घेऊन आली. वडिलांनी त्याला हातात घेतलं. ज्या जनावराला त्यांनी जीपमध्ये घालून जंगलात पाठवायचं ठरवलं होतं, ते त्यांच्या हातावर बसून शर्टाचं बटण चावत होतं. त्याचा पंजा त्यांनी गव्हात बुडवला, वर काढला. दोन दाणे. मागे कुणीतरी हसू दाबलं. दोन दाण्यांचा रोट होत नाही. वडिलांनी मग तो पंजा आपल्या मुठीत घेतला, तान्ह्या मुलाचा घेतात तसा, आणि दोघांची मिळून मूठ परातीत खोल घातली. गच्च भरून काढली आणि टोपलीवर धरली.

"जगदीशना घरनी मूठ," ते म्हणाले.

नेहमीसारखा मोठा आवाज निघाला नाही. त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं, या वेळी गल्लीत ऐकू जाईल असं.

मोठीमाय खांब सोडून परातीपाशी आली. मला वाटलं ती पायाच पडते की काय. तिने वडिलांचं मनगट धरलं आणि त्यांच्या बोटांना चिकटलेले गव्हाचे दाणे एकेक करून टोपलीत पाडले, एकही खाली जाऊ न देता.

"त्याना तोंडमा जावू देवू नका," ती म्हणाली. "त्याले सोसत नही." आणि तिथेच, सगळ्या कुळासमोर, दिराचा हात धरून ती मोठ्याने रडली.

त्या रविवारी रोट मीच लाटले. जगदीशबाबांच्या घरचा रोट मोठीमायने स्वतः भाजला आणि सोमवारी विसर्जनाहून आल्यावर स्वतः खाल्ला. धडगाव्याला आवळा दिला. मला फक्त वास मिळाला, आणि त्या वर्षी तो मला पुरला.